तक्रार : बॅटरी उतरते

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचा. ट्रंक, वळकटी आणि हत्यारांची पिशवी घेऊन सकाळी उतरलो तो थेट गॅरेजवरच. मालक म्हणाले, इलेक्ट्रिशियनची खुर्ची तीन महिने रिकामी आहे, बसा आता. खुर्ची म्हणजे ऑइलचा उलटा डबा निघाला, पण मान मोठा. जागा ऐसपैस आहे. दोन रॅम्प, एक खड्डा, रस्त्याच्या बाजूला काचेचं काउंटर आणि काउंटरसमोर गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक. काउंटरवर ज्या बाई बसतात त्यांना सगळे मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागलो. मालकांच्या डोक्यातला फ्यूज हलका आहे, जरा लोड आला की उडतो, हे मावशींनीच मला पहिल्या तासात सांगून टाकलं.

खोली गॅरेजच्या माडीवर. पंखा चालतो, नळाला पाणी आहे, अजून काय हवं? आईला फोन करून सांगितलं की झकास आहे सगळं.

वही लिहायची सवय वस्तादांची. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, ते म्हणायचे, जे काढलंस ते लिही आणि ते काढल्यावर काय बंद पडलं तेही लिही, डोक्यावर भरवसा ठेवू नकोस. बारा वर्षं झाली, मोडवत नाही.

गुरुवार, ७ तारीख, जेवणाची सुट्टी

आज एक छान कुटुंब आलं. सात सीटची मोठी गाडी, वापरलेली घेतलीय, सहा महिने झाले. जॉबकार्डवर तक्रार एकच : बॅटरी उतरते. रात्री गाडी लावली की सकाळी स्टार्टर नुसता कुरकुरतो.

चौघंजण आहेत. नवरा औषधांच्या दुकानात हिशेब बघतो, मितभाषी. बायको शाळेत शिवण शिकवते, गाडीची सगळी माहिती तिलाच. नवऱ्याचे वडील, हातात काठी, गुडघ्याला पट्टा. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी मावशींना दोन विनोद सांगितले, त्यातला एक मलाही कळला. आणि सात-आठ वर्षांची मुलगी, जी बाक, रॅम्प, टायरची चळत यांतलं काहीही चढायचं सोडत नाही. आजोबा तिला खारूताई म्हणतात. तिने मला विचारलं की फ्यूज म्हणजे काय. मी म्हटलं, गाडीतला तो एकटाच असा आहे की जो दुसऱ्याला वाचवायला स्वतः जळतो. तिला ते फार आवडलं.

बंद गाडीत मीटर लावला. चारशे मिलिअँपिअर. चाळीसच्या आसपास असायला हवेत. म्हणजे कुठेतरी काहीतरी सतत करंट खातंय. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावरचा तक्ता पाणी जाऊन पुसलाय, पुस्तिका गाडीबरोबर मिळालीच नाही. तेव्हा रीत जुनीच : एकेक फ्यूज उपसायचा आणि मीटर कुठे पडतो ते बघायचं.

संध्याकाळी

सापडलं म्हणायचं. बॉनेटमधला डबा बघितला, तिथे काही नाही. डॅशबोर्डखालचा बघितला, दिवे, हॉर्न, वायपर, काचा, कुलपं, सगळे उपसून झाले, मीटर हलेना. मग डाव्या बाजूला, पुढे बसणाऱ्याचे पाय येतात तिथलं प्लास्टिक काढलं, तर आत तिसरा छोटा डबा. कंपनीचा वाटत नाही. चार फ्यूज, चारही दहा अँपिअरचे, लाल, आणि टिक् करून करंट जोडणारा-तोडणारा एक काळा रिले. वायरी कुठे जातात कळत नाही, कार्पेटखाली गडप होतात.

पहिला उपसला. मीटर बरोबर नव्वदने खाली, तीनशे दहा. पायाला गंज होता म्हणून टाकला भंगारच्या डब्यात, नवा बसवला. मीटर वर आला नाही. म्हणजे गंजामुळेच गळत होतं. तीनशे दहा अजून जास्तच, पण मालकांना रॅम्प रिकामा हवा होता, गाडी दिली.

तिघं खूश होऊन गेले. नवरा, बायको आणि ती चढेल मुलगी. तिघांना सात सीटची गाडी कशाला लागते कोण जाणे.

सोमवार, ११ तारीख, जेवणाची सुट्टी

तीच गाडी परत. बॅटरी परत उतरली. मालकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

मुलगी आज चढत नाहीये. बापाने पुढच्या सीटवर बस म्हटलं तर बसली नाही, म्हणाली ती जागा धरून ठेवलीय. कोणासाठी, ते तिला सांगता येईना. मागे सामानाच्या जागेत एक काठी सापडली. नवरा म्हणाला, आधीच्या मालकाची असेल. बायको ती काठी हातात घेऊन बराच वेळ उभी होती.

संध्याकाळी

दुसरा फ्यूज उपसला. तोही गंजलेला. दोनशे वीस. नवा बसवला. बाकीचे बघेपर्यंत बंद करायची वेळ झाली. बाई मुलीला घेऊन गेली. जाताना सीट पुढे ओढावी लागली तिला, पायच पोचेनात. म्हणाली, नेहमी मीच चालवते, सीट मागे कोणी केली? मी नाही केली.

मंगळवार, १२ तारीख

झोप लागेना म्हणून पहाटे वही चाळली.

गुरुवारी चौघं आले होते. माझंच अक्षर आहे. आजोबा, काठी, गुडघ्याचा पट्टा, विनोद. वाचलं आणि डोळ्यांसमोर उभे राहिले. वाचण्याआधी नव्हते. नवराही नव्हता. औषधांचं दुकान वाचलं तेव्हा त्याचा चेहरा आठवला.

मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, कुठले आजोबा? बाई आणि तिची लेक, दोघीच येतात की. नोंदवही दाखवली. दोघीच.

नव्वद आणि नव्वद. करंट कुठे गळत नव्हता. ती माणसं होती. मी गळती समजून माणसं उपसली.

बुधवार, १३ तारीख, जेवणाच्या वेळी

भंगारच्या डब्यात सगळ्यांचे जुने फ्यूज पडतात. लाल किती असतील, शंभर, दीडशे. सकाळी बाईला फोन करून गाडी मागवून घेतली. नव्या फ्यूजने काही होत नाही. सरळ वायर जोडून बघितली, मीटर ढिम्म. त्यांचेच जुने परत लागले पाहिजेत. एकेक लावून बघायला बसणार तोच मालक येऊन उभे राहिले. किती दिवस एका गाडीत घालवणार म्हणाले. मी सांगितलं हात लावू नका. कारण नीट सांगता येईना. सांगितलं असतं तर हाकललं असतं.

मुलगी बाकावर बसून पाणी पितेय. मी लिहितोय तेवढ्यात मालक वाकले आहेत गाडीत, हातात चिमटा

त्याच दिवशी, नंतर

बाकावर पाण्याचा पेला आहे. अर्धा. काठाला लहान ओठांचा ओला ठसा. मी त्या पेल्याकडे का बघतोय ते कळत नव्हतं. मग वरचं वाचलं.

मालकांनी तिसरा उपसला. डब्यात टाकला. डबा हलवून बाजूला ठेवला. म्हणाले, बघ, एकशेतीसवर आणला, एका मिनिटाचं काम.

बाई गाडी घेऊन गेली. एकटी. थांबवलं नाही मी. काय सांगून थांबवणार होतो?

गुरुवार, १४ तारीख

काल रात्रभर जागा होतो. आज गॅरेज उघडायच्या आधीच ती बाकावर बसलेली. गाडी दारात. आज कोणी बोलावलं नव्हतं. पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मी जवळ गेलो तेव्हा उठली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"माझं काहीतरी राहिलंय का तुमच्याकडे?"

काय राहिलंय, मी विचारलं. ती म्हणाली, तेच आठवत नाही. सकाळी उठून चार डबे भरले आणि मग ओट्याशी उभी राहिले. पर्स उघडून दाखवली. गुडघेदुखीच्या गोळ्या. पुरुषाचा रुमाल. केसांची एक छोटी क्लिप. यांतलं माझं काहीच नाही, म्हणाली.

मी वही तिच्या हातात दिली.

वाचताना रडली नाही. खारूताई या शब्दावर बोट ठेवून बसली फक्त. मग क्लिप केसांत खोचली, स्वतःच्या, आणि गाडीत जाऊन मधल्या रांगेत बसली. म्हणाली, सुरू करा.

दुपार

गाडी रॅम्पवर घेतली, भंगारचा डबा आत आणलाय. लाल वेगळे केले. एकशे बावन्न. फ्यूजच्या तिसऱ्या, मुलीच्या खणापासून सुरुवात. तिने तसंच सांगितलं. आजोबा आणि तिचा नवरा थांबतील, म्हणाली, ते मोठे आहेत.

प्रत्येक फ्यूज लावला की रिले टिक् करतो. आणि मीटर दोनाने उतरतो. आधी लक्षात आलं नाही. एकशेतीस होता, दहा लावून झाले, एकशेदहा. चौथ्या खणातल्या फ्यूजला बोट लावलं. चटका बसला. तो बाईचा. माझ्या प्रत्येक टिक् बरोबर तो जळतोय.

थांबलो. सांगितलं तिला. मीटर चाळीसवर आला की तुम्ही नसाल. दुसरी काही युक्ती काढू, आज राहू दे. उद्या.

ती म्हणाली, उद्या तुम्ही तरी लक्षात ठेवाल का? मग माझ्याकडे न बघता,

"तुम्ही लावत राहा."

मी म्हटलं, ती आली आणि तुम्ही नसलात तर? तिने शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खटकन लावला.

अकरा. नाही.

बारा. नाही.

पंधरा. नाही. शंभर.

मावशी चहा घेऊन आल्या, एकच कप. कोणाशी बोलताय म्हणाल्या. मी मागे बोट दाखवलं. दुसऱ्यांदा बघितल्यावर त्यांना दिसली. अगं बाई, तुम्ही इथेच होतात का?

अठरा. नाही.

एकवीस. नाही. तिने विचारलं, मुलीला काय म्हणायचे घरात? वहीतून वाचून दाखवलं. दोनदा. तिने तोंडात धरून ठेवलं ते, हळूहळू म्हणत राहिली.

सव्वीस. नाही. अठ्ठ्याहत्तर.

फ्यूज सुटून मॅटखाली गेला. शोधला. तोच की काय कळेना, कदाचित दुसराच. सगळे एकसारखे, सगळे लाल —

तीस. सत्तर. आरशात बघितलं. दिसत होती. पण काचेवर वाफ धरल्यासारखी. देवा, सापडू दे. पुढच्यात सापडू दे.

मालक ओरडतायत बाहेरून. गाडी रॅम्पवरून काढा म्हणतायत. दारं लावून घेतली.

तेहतीस. नाही.

चौतीस. नाही. तिच्या ओठांचा आवाज येत नाही. हलतायत. खारूताई, खारूताई —

छत्तीस. अठ्ठावन्न. म्हटलं आता बस. तिने मान हलवली. नाही म्हणून. मान हलली एवढंच कळलं, चेहरा —

अडतीस.

एकोणचाळीस. नाही. जळल्याचा वास.

चाळीस. नाही. पन्नास.

एक्केचाळीस —

बसला. आपोआप आत गेल्यासारखा बसला. रिले टिकटिकतोय, थांबेना. खाली काहीतरी तडकलं. चौथा खण काळा पडलाय.

मीटर चढला. एकशेतीस. चढला!

मधल्या रांगेत मुलगी. पट्टा लावलेला. डोळे चोळतेय. आली, आली, म्हणून मी ओरडलो, मागे वळून —

कोणाला सांगत होतो?

शेजारची सीट रिकामी आहे. हात लावला. ऊबदार आहे. सीटवर केसांची एक छोटी क्लिप.

एकशेतीस. चाळीस गाडीचे. नव्वद एका माणसाचे. गणित बरोबर आहे. मग मला रडू का येतंय.

मुलगी विचारतेय, आई कुठे आहे.

मी म्हटलं, बाळा, मला माहीत नाही. ती परत विचारतेय. पट्टा सोडून पुढे आली, माझी बाही ओढतेय. आई इथेच होती म्हणते. थांब म्हटलं. मांडीवर वही आहे, माझंच अक्षर आहे, यात असेल. मी सगळं लिहून ठेवतो. मागचं पान उलटतोय. हे बघ, इथे आहे, थांब, वाचतो, इथे लिहिलंय की तुझी आई