दहा अँपिअर

दादर स्टेशन, १२ जानेवारी १९५७

प्रिय हिंदुराव,

मुंबईला येऊन पंधरा दिवस झाले, तुला दोन ओळी खरडल्या नाहीत म्हणून शिव्या घातल्या असशील. घाल. कंपनीनं मला वायरमनच्या परीक्षेला पाठवलं तेव्हा तूच म्हणाला होतास, "रहिमान, तुला कशाला रं शाळा? तू तर डोळं झाकून वायरी जोडतूस." मीही फुगलो होतो. डोळे झाकून केलेलं काम काय असतं, ते आज कळलं.

इथले मास्तर कडक आहेत. हत्याराला हात लावू देत नाहीत, आधी गणित. व्होल्टला अँपिअरनं भागलं की तारेचा अडथळा निघतो, त्याला ओहम म्हणतात. दोन्हींचा गुणाकार केला की वॉट, म्हणजे शेगडी किती तापणार ते. आज सकाळी म्हणाले, घरचं एखादं उपकरण घ्या आणि मांडा. मी तुझी विजेची शेगडी मांडली.

नवी होती तेव्हा गंमत म्हणून कंपनीतला मीटर आणून लावला होता, आठवतं? काटा पाच अँपिअरवर. घरची वीज दोनशे तीस व्होल्टची; भागिले पाच, शेहेचाळीस ओहम. साडेअकराशे वॉट. मग शेगडीतली तापणारी तार, ती कॉइल, तुटत गेली. दर वेळी जळका तुकडा काढून आपण टोकांना पीळ दिला, आणि तू म्हणायचास, "तार कमी झाली, आता वीज बी कमी खाईल." मी मान डोलवायचो. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा मीटर लावला तर काटा दहावर, आणि मी शहाणा म्हणालो, मीटर बिघडलाय.

मीटर धड होता. तेवीस ओहम, तेवीसशे वॉट. कॉइल अर्धीच उरलीय, हिंदुराव, म्हणून ती दुप्पट ओढते. बाळाची दुपटी लवकर वाळतात म्हणून रंभावहिनी खूश होत्या. पण तुमच्या खोलीतली वायर दिव्यापुरती आहे, पाच अँपिअरची. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतला ताप चौपट होतो, हे मास्तरांनी फळ्यावर मांडून दाखवलं तेव्हा मी वर्गातून तसाच उठलो. ती वायर लाकडी पट्टीवरून जाते आणि पट्टीखाली पाळणा आहे. भिंतीपाशी जळका वास येतो असं वहिनी म्हणाल्या होत्या. मी हसून म्हणालो, दूध उतू गेलं असेल.

तू म्हणशील, फ्यूज आहे की, उडेल. तेच सांगायला हे लिहितोय. नाताळच्या आठवड्यात तुमचा फ्यूज एका दिवसात तीनदा उडाला. तू शिफ्टला होतास, बाळ गारठलं होतं, वहिनींनी मला बोलावलं. मी फ्यूजमध्ये वितळणाऱ्या बारीक तारेऐवजी तांब्याची जाड तार घातली आणि ऐटीत म्हणालो, आता कध्धी उडणार नाही बघा. तू ओरडशील म्हणून तुला बोललो नाही. शेगडी लावू नका अशी तार आत्ताच केलीय, पण ती हाती पडेल तेव्हा खरी. तोंडानं हे मला सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र खिशात घालून स्वतःच येतोय. गाडीला अजून तास आहे. चिंचवडला उतरल्यावर वाटेत कुणाला तुमची खुशाली विचारायची माझी छाती होणार नाही. दार तूच उघड, राव.

तुझाच, आणि तुझा गुन्हेगार,
रहिमान