दोन बोटं वर

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिलं आणि पेन खाली ठेवून बसले. खोडणार होते. पण लहानपणी पत्र लिहायला शिकवताना आईने सांगितलं होतं की मोठ्या भावाला असंच लिहायचं, म्हणून राहू दिलं. ते तिच्याखातर आहे असं समज. तब्येत विचारत नाही. परवा फोनवर मागून तुझा कारागिरांवर ओरडण्याचा आवाज येत होता, त्यावरून ती ठणठणीत असल्याचं कळलं.

फोन धाकटीचा होता. कॉलेजचं ठरलं म्हणाली. मी विचारलं, कोणतं? तर म्हणे, आपलंच, दादाचं आणि तुझं. लांबच्या कॉलेजात उंच उडीच्या चाचणीला एक मीटर साठ पार करणाऱ्यांनीच यायचं असतं, आणि मी अजून दोन बोटं कमी पडते, ताई. मग कशाला एवढा प्रवास करून हसं करून घ्यायचं? इथे घरचं जेवण, दादाच्या ओळखी, सगळं हाताशी. पोर हे सगळं हसत सांगत होती. शब्द तिचे नव्हते, तुझे होते. 'हसं करून घ्यायचं' हे आपल्या घरात तुझ्याशिवाय कुणी म्हणत नाही. मलाही तू नेमकं हेच म्हणाला होतास, आपल्या गाद्यांच्या कारखान्यात, शिवायच्या पाटावर बसून, हातातलं दाभण खाली न ठेवता. मी तेव्हा तिच्याच वयाची होते आणि मीही मान डोलावली होती.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. बाबा गेल्यानंतरचं पहिलं वर्ष. काकांना बोलावलंस, आईला बसवलंस, आणि माझ्या कॉलेजवर चर्चा ठेवलीस. चर्चा म्हणजे काय, तू बोललास आणि आम्ही चहा प्यायलो. लांबच्या कॉलेजला उंच उडीचे वेगळे प्रशिक्षक होते, धावायला चांगली पट्टी होती, पडायला माणसाच्या छातीएवढी जाड गादी होती. मला तिथे जायचं होतं हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. तू म्हणालास, जायला कोण नको म्हणतंय? मागच्या अंगणात एक साठ पार करून दाखव आणि जा. किती मोकळ्या मनाचा भाऊ, असं काका म्हणाले. मी महिनाभर सकाळ-संध्याकाळ अंगणातल्या दोन खांबांच्या खिळ्यांवर आडव्या ठेवलेल्या त्या काठीवर स्वतःला फेकत राहिले. एक साठच्या खालच्या खिळ्यावरून जायचे, एक साठला पाठ लागायची. दर वेळी तू काठी उचलून पुन्हा खिळ्यांवर ठेवायचास आणि दोन बोटं जुळवून दाखवायचास. एवढंच राहिलं गं, नाकतोड्या, एवढंच.

हे नावही तूच ठेवलेलं. मला ते आवडायचं, म्हणून आज जास्त राग येतो.

आता अंगणातल्या त्या खांबांबद्दल. बाबांनी ते स्वतःच्या हाताने केले, तुझ्यासाठी, तुझ्या शाळेच्या दिवसांत. दोन लाकडी खांब, त्यांना ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याशेजारी निळ्या रंगात आकडा. पलीकडे पडायला उसवलेल्या गाद्यांचा ढीग. आपलं सगळं घर त्या गाद्यांवर वाढलं. दुसऱ्यांच्या घरी मुलं पडली की रडायची, आपल्याकडे पडणं हाच खेळ होता. बाबा कारखान्यात खोळ बेतायचे तेव्हाचा त्यांचा हात तुला आठवतो ना? टेप धरायची, माप वाचायचं आणि मग त्यापुढे दोन बोटं टेकवून खडूची खूण करायची. गादी भरली की फुगते आणि कापड ओढून घेते, म्हणून दोन बोटं जास्त. कारखान्यात नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. पुढे पुढे त्यांना ते कळेनासंच झालं होतं. खिडकीच्या पडद्याचं माप घेतलं तरी दोन बोटं जास्त, आणि पडदे जमिनीवर लोळायचे. आई वैतागायची, बाबा म्हणायचे, धुतल्यावर आटतील. ते कधी आटले नाहीत.

मागच्या महिन्यात आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मी आले होते आणि तू माल पोचवायला बाहेरगावी गेला होतास. माझ्या शाळेतली स्टीलची टेप बॅगेतच राहिली होती. मी आता पोरांना खेळ शिकवते, माझ्या बॅगेत शिट्टी, टेप आणि पायाला गुंडाळायच्या पट्ट्या हेच असतं. धाकटी सराव करत होती. तिला धावायला कुठून सुरुवात करायची ते आखून देत होते, आणि सहज, अगदी सहज, टेपचं टोक जमिनीला लावून खांबावर वर नेलं. एक साठचा खिळा एक साठवर नव्हता. वाटलं मी टेप तिरकी धरली. पुन्हा धरली. मग बाकीचे खिळे मोजले. प्रत्येक खिळा दोन बोटं वर. एकसुद्धा चुकलेला नाही. बाबांनी चूकसुद्धा किती नीटनेटकी केली होती. मला तिथे उभ्या उभ्या हसू आलं, खरं सांगते. वाटलं, दादा आला की सांगू, पोट धरून हसेल.

धाकटी आत गेल्यावर मी आईला सांगितलं. ती डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून खाटेवर बसली होती. ती हसली नाही. म्हणाली, ते होय, ते तर दादाला माहीत आहे. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, तो चाचणीला गेला होता तेव्हापासून. आला तो नाचतच आला. म्हणाला, आई, बाबांचे खिळे दोन बोटं वर आहेत म्हणून मी तिकडे वाऱ्यासारखा उडालो, पण त्यांना सांगू नकोस, वाईट वाटेल. आणि हे ती इतक्या सहज बोलली, जणू घरातल्या कुठल्या खिडकीची कडी लागत नाही हे सांगावं.

तर त्या महिनाभरात, दादा, काठी उचलून ठेवताना तुला ठाऊक होतं. खालच्या खिळ्यावरून मी जात होते म्हणजे लांबच्या कॉलेजच्या मापाने मी जवळजवळ पोचलेच होते. आणि ज्या दोन बोटांनी एक साठ हुकतं म्हणून तू दाखवत होतास ती दोन बोटं माझी नव्हतीच, बाबांची होती. त्याच दिवसांत शाळेच्या स्पर्धेत मी एक साठ पार केलं तेव्हा मैदानावर टाळ्या वाजल्या, आणि घरी येताना स्कूटरवर तू मला समजावलंस की शाळेच्या बारला मध्ये झोळ असतो, ते माप धरायचं नाही, खरं माप आपल्या अंगणातलं. मी तुझ्या पाठीला डोकं टेकून ते पटवून घेतलं. पुढे आपल्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी आरामात वर गेले, व्हॉलीबॉलचे सर (दुसरं कुणी नव्हतंच तिथे) तोंडात बोट घालून उभे राहिले, तेव्हा तू म्हणालास, चांगल्या जमिनीवरून कुणीही उडतं. तुझ्याकडे प्रत्येक वेळी उत्तर तयार होतं. एवढी हुशारी तू कारखान्यात वापरली असतीस तर आज शहरभर आपल्याच गाद्या असत्या.

त्या कॉलेजबद्दल मला फार बोलायचं नाही. सर भले होते, पण उंच उडीतलं त्यांना तेवढंच कळायचं जेवढं मला व्हॉलीबॉलमधलं. मी चुकीच्या पायावर भार देते हे तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही, शेवटी गुडघ्याने सांगितलं. तू दवाखान्यात रोज डबा घेऊन यायचास, उशाशी बसायचास, माझा पाय मांडीवर घेऊन शेकायचास. तेव्हा मला वाटायचं, असा भाऊ कुणाला मिळत नाही. ते खरंच होतं म्हणा. कुणाला मिळू नये.

आई तुझी बाजू घेते. तिने सगळं सांगितलं, जे मला निम्मं माहीत होतं. तुझी निवड झाली होती, बॅग भरलेली होती, आणि बाबांची छाती कापसाच्या धुळीने भरून आली. तू बॅग सोडलीस आणि पाटावर बसलास. दिवसा गाद्या, संध्याकाळी जवळचं कॉलेज. कुणी तुला विचारलं नाही, कुणी आभार मानले नाहीत. आई म्हणते, त्याला भीती वाटते गं, जो तिकडे जाईल तो परत या धुळीत येणार नाही, आणि मग तो एकटाच उरेल. मला हे कळतं. मी दगड नाही. तुझ्यावर अन्याय झाला, आणि तो तू मुकाट्याने गिळलास. पण गिळून झाल्यावर तोच घास तू माझ्या ताटात वाढलास आणि वर म्हणालास, बघ, घरचं आहे. एकदा तरी तोंडाने म्हणाला असतास की जाऊ नकोस, मला एकट्याला हे झेपत नाही. कदाचित मी राहिले असते. रडत, चिडत, पण राहिले असते, आणि माझं राहणं माझं असतं. तू मला राहा म्हणाला नाहीस. तू मला कमी पडतेस म्हणालास. आणि मी इतकी वर्षं ते खरं मानून जगले. नोकरी निवडताना, माणूस निवडताना, प्रत्येक ठिकाणी आधी मनातल्या मनात दोन बोटं वजा केली आहेत मी.

एक गोष्ट मला अजून ठरवता येत नाही. काठी ठेवताना ती एक खिळा खाली ठेवावी असं तुला कधी वाटलं का? मी आठवून आठवून पाहते. मला फक्त तुझी ती दोन बोटं दिसतात, दाभणाने टोचून टोचून काळी पडलेली, आणि त्यांच्या मागे तुझं हसू. ते हसू खोटं वाटत नाही. हेच मला सहन होत नाही.

आता हे सगळं तोंडावर न बोलता लिहिते का आहे ते सांगते. तू घरी यायच्या आधीच मी मागच्या महिन्यात निघून आले, कारण समोर आला असतास तर कारागिरांच्या देखत काय बोलले असते कोण जाणे. आणि परवा फोनवर धाकटी ते दोन बोटांचं सांगत होती तेव्हा खरं माझ्या ओठांवर आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण मी बोलले नाही. म्हटलं, हे तिला माझ्याकडून कळलं तर तिचा भाऊ कायमचा जाईल, जसा माझा गेला. ते तुझ्याकडून कळलं तर कदाचित राहील. तेवढ्यासाठी हे पत्र, बाकी कशासाठी नाही. मी रविवारी सकाळी येते आहे. टेप घेऊन येते आहे. धाकटीला चाचणीला मीच नेणार, तिने त्या कॉलेजात जायचं की नाही हे मात्र तिचं तीच ठरवेल, खऱ्या मापावर. तुझ्याकडे शनिवारपर्यंत वेळ आहे. तिला अंगणात बोलाव, स्वतःच्या तोंडाने सांग, आणि तिच्या देखत ते खिळे दोन बोटं खाली ठोक. हातोडी खोळींच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. मी निघताना पाहून ठेवली होती.

तुझीच,
नाकतोडा