दाखल करणारी

ता. ९, गुरुवार

अक्का,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, गुडघे सोडून. पत्र तुला नात वाचून दाखवील. तिला म्हणावं, मोठ्यानं वाच आणि मध्येच प्रश्न विचारू नकोस.

माझी म्हातारपणाची पेन्शन मंजूर झाली. पण पत्र त्यासाठी नाही.

कारकुनानं दोन वर्षं एकच पालुपद लावलं होतं, वयाचा पुरावा आणा. मी म्हटलं, हे तोंड बघ की. तो म्हणाला, आजी, तोंड फायलीला टाचता येत नाही. तुलाही त्यानंच परत पाठवलं होतं. तू "नको ती भीक" म्हणून तरातरा निघून गेलीस, आणि आता डोळ्यांच्या थेंबांसाठी सुनेच्या तोंडाकडे बघत बसतेस. मला सगळं कळतं.

हल्ली कचेरीच्या व्हरांड्यात एक बाई टेबल टाकून बसते. अडलेल्यांचे अर्ज भरून देते, फुकट. तिनं विचारलं, आजी, शाळेत गेला होतात का? म्हटलं, तिसरीपर्यंत, तीही रडतखडत. तिनं मला रिक्षात घातलं ते थेट आपल्या जुन्या शाळेत. माळ्यावरची दप्तरं उतरवली. मी शिंकत होते, ती पानं उलटत होती. सापडलं. माझं नाव, जन्मतारीख, सगळं. त्या बाईचे उपकार कसे फेडू? भांडून बघितलं, पण चहासुद्धा घेतला नाही तिनं.

आता नीट ऐक. शेवटच्या रकान्यात मास्तरांनी लिहिलंय, "दाखल करणारी : थोरली बहीण, वय वर्षे नऊ. आईबाप कामावर." आणि पुढे तुझं नाव.

मी ते तीनदा वाचलं. मला वाचता येतं. का येतं, तेही त्याच रकान्यात आहे.

बाबा एकीलाच शाळेत घालणार होते. तू म्हणालीस, मला नको, मास्तर मारतात. शाळेची पायरी न चढलेल्या तुला हे कुठून कळलं, ते मी साठ वर्षांत विचारलं नाही. विचारलं असतं तर पाटी परत द्यावी लागली असती. उलट चारचौघांत सांगत आले, अक्काला शिकायची आवडच नव्हती.

तीच ओळ बाईनं तुझ्याही वयाचा पुरावा म्हणून पुढे केली. कारकून म्हणाला, यात आजींच्या बहिणीचा काय संबंध? बाई म्हणाली, "सरकारी शाळेचंच दप्तर आहे ना? मग एकाच ओळीत एक बहीण खरी आणि दुसरी खोटी कशी?" तो डोकं खाजवत मोठ्या साहेबांकडे गेला आणि "चालेल" म्हणत परत आला. फक्त तू स्वतः यायला हवंस.

आणि पुन्हा भीक म्हणू नकोस. भिकेला कुणी पुरावा मागत नाही. हे हक्काचं आहे, म्हणून तर एवढे कागद.

बुधवारी ये. मी बसथांब्यावर उभी असेन. तिथून कचेरी लांब नाही, आपल्या घरापासून शाळा होती तेवढीच. तेव्हा हात तू धरला होतास.

तुझ्या वाटणीची शाळा शिकलेली,
धाकटी