अपत्ये किती?

१३ नोव्हेंबर
आजपासून मी काकांची बिनपगारी क्लार्क! नगरपंचायतीला उभं राहायचा अर्ज ऑनलाईन भरायचा, आणि घरात मराठी टायपिंग येतं फक्त अंकिताला. जयराज आणि शिवतेज, काकांचे दोन दिवटे, नुसते बुलेट उडवत फिरतायत. अर्ज कसला, मुलगी बघायचा कार्यक्रम बरा! घरपट्टी भरल्याचा दाखला, घरात संडास असल्याचा दाखला, तो वापरत असल्याचाही दाखला! मी विचारलं, "काका, वापर बघायला कोण आलं होतं?" "गप टाईप कर, लय शानी हायस!"

'अपत्ये किती' या रकान्यावर मात्र काका थांबले. मिशीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "दोन लिव्ह." स्वतःची पोरं मोजायला एवढा वेळ? काकी भाजी निवडत होती, ती ताट तसंच टाकून मागच्या दारी गेली.

१७ नोव्हेंबर
अर्ज भरला. हलगी, फटाके, गळ्यात हार. पप्पांचा जम्मूहून फोन – "दादाचं काम नीट कर. त्यानं आपल्यासाठी लय केलंय." काय केलंय, विचारलं. फोन कट. फौजेतलं नेटवर्क बरोब्बर माझ्या प्रश्नालाच जातं!

१८ नोव्हेंबर
छाननी. मी फाईल धरून काकांच्या मागे उभी. काकांच्या विरोधात नानासो उभे आहेत, त्यांनी हरकत घेतली – "आकारामला तिसरं अपत्य हाय. मुलगी!" दोनपेक्षा जास्त मुलं असली की उमेदवारी बाद. काका शांतपणे म्हणाले, "पुरावा दाखवा की." नानासोंकडे कागद नव्हता. अर्ज मंजूर! बाहेर पेढे वाटले. काकांनी तोंडाला लावला नाही.

मला तर चैन नाही. कोण ही मुलगी? कुठं ठेवलीय? त्या दोन आडदांडांच्यात मला एक चुलत बहीण मिळत असेल तर पाहिजेच आहे! आईला विचारलं तर खेकसली – "नसत्या चौकशा! भाकरी थाप." पण स्वतःच पिठात दोनदा मीठ घातलं. आईनं का घाबरावं?

१९ नोव्हेंबर
आख्खं गाव 'तिसरी' शोधतंय. कुणी म्हणतं जतला दिली, कुणी म्हणतं कुपवाडला कंपनीत कामाला जाते. पप्पूच्या सलूनमध्ये म्हणे पैज लागलीय.

२० नोव्हेंबर
पत्रकावर काका-काकीचा जोडीचा फोटो हवा होता. काकी प्रचाराला गेलेली, म्हणून तिची ट्रंक मीच उघडली. लग्नाच्या अल्बममध्ये सांगलीच्या कुठल्याशा दवाखान्याचं पिवळं पडलेलं कार्ड. 'उमा आकाराम. तिसरे बाळंतपण. मुलगी. ९ जून २००५.'

९ जूनला माझा वाढदिवस असतो.

तिथंच फरशीवर बसले. दर ९ जूनला सकाळी काकी मला तेल लावून न्हाऊ घालते, मग आई ओवाळते. घरातल्या दुसऱ्या कुणाचं ती असं करत नाही. आणि मी, जगाच्या चौकशा करणारी, कधी विचारलं नाही का म्हणून!

कार्ड आईपुढं धरलं. आई पदर तोंडात कोंबून रडली. "मला मूल व्हत न्हवतं गं. सव्वा म्हयन्याची तू, जाऊबाईंनी माझ्या वटीत घातली." बरं. पण २००७ ला काका सरपंच झाले, हार घातलेला फोटो सोप्यात लावलाय. तिसरी असती तर झाले असते का?

संध्याकाळी काकांना गोठ्यात गाठलं. "मला दिलं ते आईला मूल नव्हतं म्हणून, का तुम्हाला सरपंच व्हायचं होतं म्हणून?" काकांच्या हातातली वैरण तशीच राहिली. मला राग आलाय. लय राग आलाय! ते 'दोन' मीच टाईप केलं. माझ्याच बोटांनी मी मला वगळलं, आणि वर टायपिंगची मजुरी म्हणून चहा मागितला होता.

२१ नोव्हेंबर
आज माघारीचा शेवटचा दिवस. काका कुणाला न सांगता एकटेच गेले आणि अर्ज मागे घेऊन आले. जयराजनं हेल्मेट आपटलं. काका दारात चपला काढत मला म्हणाले, "काल इचारलंस न्हवं? दोन्हीसाठी दिली, अंके." मी पाण्याचा तांब्या पुढं केला. हाक मारायला तोंड उघडलं, पण काका म्हणावं की आणखी काही, कळेना. "घ्या," एवढंच म्हटलं.