चिपाडांच्या ढिगाची झडती

मरोळ, अंधेरी
६ मे १९६८

प्रिय सहदेव,

देवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत, तुझाही खोकला एव्हाना उतरला असेल असं धरून चालतो. आईंना नमस्कार सांग. ऊस तुटून गेला, आता या आठवड्यात शेतात पडलेल्या वाळल्या पानांचं पाचट पेटवणार, असं तू लिहिलंस. वर्कशॉपात माझ्या शेजारच्या लेथवर होतास तेव्हा बिडीची काडीसुद्धा वाया घालवत नव्हतास, म्हणून काडी लावण्याआधी हे वाच.

आमची भाजीची वाडी तुला आठवत असेल. गेले दोन उन्हाळे विहीर आटली आणि भेंडी उभी जळली. तुझ्या क्लारावहिनीने सांगून टाकलं, यंदाही जळली तर कारखान्याच्या शेडसाठी जमीन मागतोय त्या शेडवाल्याला ती देऊन टाकायची. (शेडवाला गोड माणूस आहे, येताना पोरांना बिस्किटं आणतो. म्हणूनच तो मला आवडत नाही.) बापाने हाताने बांधलेली विहीर बुजवून तिथे पत्रे उभे राहणार, या विचाराने मला जेवण जाईना.

नाताळानंतर मी स्टेशनाजवळच्या रसवाल्याकडून चिपाडं आणायला लागलो. कुजवून खत करायचं, उरतील ती वाफ्यांवर पसरायची, म्हणजे ओल टिकेल. ढीग रचला, पाणी मारलं आणि वर नाचून घट्ट दाबला. (चुकलं ते इथेच.) चिपाडात रस राहिलेला, तो कुजण्याऐवजी आंबला. गावठाणभर असा वास सुटला की शेजारचा अर्बन पेला घेऊनच चौकशीला आला. दारूबंदीच्या बाबतीत आमच्या गावठाणाचं नाव तसंही फारसं चांगलं नाही, तेव्हा मागोमाग हवालदारही आला. खत आहे म्हटलं, तर म्हणाला, "खताला एवढा सुवास कुठला रे?" दोघा शिपायांनी भट्टीचं मडकं शोधत सगळा ढीग तळापर्यंत उपसला, खालचं वर केलं. क्लाराची हरवलेली पळी तेवढी सापडली. अर्बन त्यांच्यापेक्षा जास्त हिरमुसला.

पण त्या उपसण्याने ढिगाला हवा लागली. तो तापला, वास गेला, आणि ईस्टरपर्यंत काळं भुसभुशीत खत झालं. ते वाफ्यांत घातलं, उरलेली चिपाडं वर पसरली, आणि ओल टिकली. विहीर यंदाही तळाला गेली, भेंडी मात्र उभी आहे. काल शेडवाला आला. क्लाराने बिस्किटं ठेवून घेतली आणि पिशवीभर भेंडी देऊन त्याला वाटेला लावलं. मी विहिरीच्या काठावर बसून रडलो, तुझ्यापाशी खोटं कशाला सांगू.

तुझा,
इग्नेशियस

ता. क. रसवाला पोलिसांना घाबरून आता चिपाडं देत नाही. तेव्हा पाचट पेटवू नकोस, ट्रकभर इकडे पाठव. खरं तर त्यासाठीच हे पत्र. (उपसायला माणसं मिळतात. हवालदाराची आता ओळख झाली आहे.)

आणखी एक ता. क. क्लाराने पत्र वाचलं. ती म्हणते, सहदेवभाऊंना सांगा, एक पानही पाठवू नका. जिथे पडलंय तिथेच अंथरून ठेवा, तुमच्या जमिनीलाही ऊन लागतं.