वारा पडला की मारू

१४ ऑक्टोबर, सकाळ
यंदा शिस्त. आमच्याकडे आता वसंत, सफरचंदाच्या एकेका घोसात पाच-पाच फळं धरलीयत. औषध मारून जास्तीची पाडायची, म्हणजे उरलेली पोसतात. सगळी मेख वेळेत. गेल्या वर्षी उशीर झाला (फुटबॉल). सफरचंदं अक्रोडाएवढी राहिली, सगळी रसाच्या कारखान्यात गेली.

बायकोने, एल्सिराने, बजावलंय: यंदाही तसंच झालं तर माझ्या बाबांनी लावलेली झाडं उपटायची आणि तिचा भाऊ रेन्झो तिथे नाशपाती लावणार. रेन्झो नाशपातीवाला. दिसतोही तसाच, खाली रुंद. बाबांची झाडं उपटणार म्हणे! बघतोच.

१६ ऑक्टोबर
लोक पट्टी लावून फळ मोजतात. मी माटे, म्हणजे आमचा कडू चहा, प्यायच्या नळीने. फळ नळीच्या फुगीर टोकाएवढं झालं की मारायचं, ही बाबांची पद्धत. आज जवळजवळ तेवढं आहे. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, आज माटेला पाल्याचा वास कसा? या घरात शास्त्राची कदर नाही.

१८ ऑक्टोबर
माप जुळलं! टाकीत औषध कालवलं, ट्रॅक्टर जोडला, टोपी घातली. वारा. आमचा वारा म्हणजे औषध उचलून थेट शेजाऱ्याच्या लसूणघासावर. वारा पडला की मारू. टोपी घालूनच जेवलो.

१९ ऑक्टोबर
वारा पडला. पण जेवणानंतर! जेवणानंतरची झोप ही आमच्या रिओ नेग्रो प्रांताची राज्यघटना आहे आणि मी कायदा पाळणारा माणूस. उठलो तर वारा पुन्हा सुरू. पण झाडं ओली! भर उन्हात दव! निसर्ग माझ्या बाजूने आहे. ट्रॅक्टरही गरम होता, उन्हाने. एल्सिराने आज दुसऱ्यांदा केस धुतले. बायकांचं काही कळत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार, मातृदिन
सासूबाईंसाठी कोकरू भाजलं. आईच्या दिवशी फळं पाडणं बरं नाही. रेन्झोने टोमणा मारलाच: दाजी, औषध मारलंत, की फळांनाही आज सुट्टी? एल्सिरा म्हणाली, जेवू दे रे त्याला. किती प्रेमळ!

२१ ऑक्टोबर, पहाट
वारा नाही!! टाकीत पाहिलं तर औषध पाण्यासारखं. नुसतं निवळशंख. दुसरा कोणी गडबडला असता. मी उरलेला अख्खा डबा ओतला आणि गाणी म्हणत बाग फवारली. डब्याचं एल्सिराला सांगितलं नाही. थेट निकाल दाखवीन. तिने विचारलं, झालं का समाधान? झालं म्हटलं. तर गालगुच्चा घेतला.

२६ ऑक्टोबर
पडतायत! टपटप! रेन्झोला फोन लावला आणि झाडाखाली धरला. ऐक म्हटलं.

२९ ऑक्टोबर
अजून पडतायत. आता थांबायला हरकत नाही.

३१ ऑक्टोबर
थांबली. पडायला काही उरलं नाही म्हणून.

२ नोव्हेंबर
एल्सिराने सगळं सांगितलं. मी झोपलो होतो तेव्हा तिनेच फवारलं आणि टाकीत साधं पाणी भरून ठेवलं. मी चिडलो. असं का केलंस? ती म्हणाली, अरे, बाबांची झाडं गेली असती तर हिवाळाभर तोंड पाडून बसला असतास, आणि गप्प बसलेला तू मला बघवत नाहीस. ती आपणच वाचवली असं तुला वाटलं असतं तर माझं काय गेलं असतं?

मग मी डब्याचं सांगितलं.

ती मटकन खाली बसली. मला वाटलं, रडतेय. हसत होती. हसता हसता मग खरंच रडली. मीही. बाबांची आठवण आली. तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

१० नोव्हेंबर
रेन्झो नाशपातीसाठी जागा मोजायला टेप घेऊन आला. पाटाकडच्या झाडावर तीन फळं उरलीयत. टोमणा न मारता म्हणाला, हे एक झाड राहू द्या, दाजी. बरा आहे तसा. त्या झाडाची सफरचंदं प्रचंड मोठी होणार, हे मात्र कोणाच्याच लक्षात येत नाहीये.

नाशपातीची विरळणी कधी करावी याबद्दल मला काही नव्या कल्पना सुचल्या. रेन्झोला सांगायला लागलो. तो आणि एल्सिरा एकदमच म्हणाले, तू आधी झोप बघू.

तो मला कधीपासून तू म्हणायला लागला?

झोपलो.