आईला पाणी किती गरम हवं

३ फेब्रुवारी
आईला समुद्र बघायचाय. साधासुधा नाही — भूमध्य समुद्र! औषधांच्या दुकानातून आलेल्या कॅलेंडरवर यंदा तिथलं एक बेट आहे. पांढरी घरं, उतारावरच्या पायऱ्या, खाली निळंभोर पाणी. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा सुरात म्हणाली, "यंदा इथे जाऊ." वय शहात्तर. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन. मी हसले. ती हसली नाही.

५ फेब्रुवारी
दोन दिवस अबोला. शेवटी मीच नमतं घेतलं. "बरं बाई, जाऊ. पण कधी?"
लगेच चहा मिळाला!

९ फेब्रुवारी
परदेशातून दादाचा फोन. जुलै म्हणे. त्याच्या पोरांना तेव्हा सुट्टी असते, तोही सगळ्यांना घेऊन येईल. जुलैत तिथे ऊन आग ओकतं आणि किनाऱ्यावर टॉवेल टाकायला जागा नसते, हे मी वाचून ठेवलंय. म्हटलं, आईला त्या उन्हात पायऱ्या चढायला लावू? तर म्हणाला, "तू तिला काचेच्या कपाटातच ठेव."
राग आला. खरं बोलला म्हणून जास्तच आला. ऑपरेशन झाल्यापासून ती साधी शिंकली तरी मी हातातलं काम टाकून धावते.

१४ फेब्रुवारी
कामात लक्ष नाही. आज आमच्या दातांच्या लॅबमध्ये एका आजोबांच्या कवळीत एक दात जास्तीचा बसवत होते. शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली ओरडली, "अगं, त्यांची सुसर करतेस का?" दोघी इतक्या हसलो की प्लास्टरची पूड भुर्रकन उडाली.
तिचं मत हिवाळा. सगळं कसं शांत! पण हिवाळ्यात तिथली निम्मी हॉटेलं बंद, बोटी कमी, वारा बोचरा. एवढं लांब जाऊन समुद्र खिडकीतून बघायचा?

२२ फेब्रुवारी
ठरलं! एप्रिलचा शेवटचा आठवडा. टेकड्या फुलांनी भरलेल्या, ऊन कोवळं, गर्दी नाही. आईला सगळं वाचून दाखवलं.
"आणि पाणी?"
"निळंच असतं की बारा महिने."
"रंग नाही विचारला. गार असतं का?"
गार असतं. थंडीचा गारठा समुद्रातून लवकर जात नाही.
"मग एप्रिल नको." उठून गेली!
आता मला सांगा, नुसतं बघायचं तर पाणी गार काय नि गरम काय?
(मला सांगा म्हणे! कोणाला विचारतेय मी?)

१ मार्च
घरात काहीतरी शिजतंय. आठवड्यातून दोनदा आई दुपारची "वाचनालयात" जाते. घरी अजून एक पुस्तक आलेलं नाही. केस मात्र ओले येतात.

५ मार्च
आज कामावरून लवकर निघाले आणि तिच्या मागे गेले. लाज वाटत होती, पण गेले.
नगरपालिकेचा तरणतलाव! आई छातीभर पाण्यात. डोक्यावर पिवळी रबरी टोपी, हातात फळी, पाय पाण्यावर फटाफट. काठावर शिकवणारी बाई शिट्टी घेऊन उभी. पलीकडे आमच्या खालच्या मजल्यावरचे टायपिंगवाले काका — आयुष्यभर कोर्टात टायपिंग केलं, आता एकटेच असतात. ते ओरडले, "बाई, गुडघे सरळ!"
"तुम्ही आधी तुमचं बघा. बुडताय!"
मी धावतच निघाले होते. तिचं हृदय, तिचा श्वास, हे कळतं का कुणाला? तेवढ्यात तिने फळी सोडली. एक हात. दुसरा. तिसरा... पलीकडचा काठ आला! तोंडातून पाण्याची चूळ टाकत अशी हसली — बाबा गेल्यापासून नऊ वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होते.
मला पाहिल्यावर पहिलं वाक्य, "डॉक्टरांना विचारलंय."
"मला का नाही विचारलंस?"
"तू नाही म्हणाली असतीस."
म्हणालेच असते.

६ मार्च
म्हणजे तिला समुद्र बघायचा नाहीये. त्यात उतरायचंय! मग सगळं नव्याने शोधलं. समुद्र सावकाश तापतो, अख्खा उन्हाळा लागतो त्याला. ऑगस्ट-सप्टेंबरात सगळ्यात ऊबदार. ऑगस्टात तोबा गर्दी. ऑक्टोबर लागला की पावसाचा भरवसा नाही. उरला सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा! ऊन निवलेलं, सुट्टीवाले घरी परतलेले, पाणी अजून छान.
विजयी मुद्रेने सांगितलं. आई म्हणाली, "काकाही सप्टेंबरच म्हणत होते."
"मग मला महिनाभर कशाला राबवलंस?"
"रंगली होतीस. म्हटलं, राहू दे."

१० मार्च
दादाला सांगितलं. सप्टेंबरात पोरांची शाळा, त्याला यायला जमायचं नाही. "आई पोहते?" असं तीनदा विचारलं. मग बराच वेळ फोनवर नुसता नाक ओढत होता.

१२ मार्च
तलावावर मीही नाव घातलं. कमरेएवढ्या पाण्यात कठडा सोडवेना. आई आणि काका, दोघांनी दोन बाजूंनी हात धरले. काका चांगला माणूस आहे. धीराने शिकवतो.

१८ मार्च
सकाळी तिकिटं काढायला बसले. आई म्हणाली, "तीन काढ. काकाही येतायत. आणि खोल्या दोन घे."
"हो, म्हणजे एक आपल्या दोघींची, एक काकांची."
आई बराच वेळ चष्मा पुसत राहिली.
"नाही गं," म्हणाली. "एक तुझी."